आगोटीच्या यादीत संगणक

संगणकाची निगा कशी राखावी हे सांगणारी पुस्तकं ज्या माणसासाठी लिहिलेली असतात, त्याच्या घरात बारा महिने कोरडी हवा असते, वीज जात नाही आणि इंटरनेट तुटत नाही. असा माणूस तुंगार्लीत राहत नाही. लोणावळ्याच्या या भागात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पुणे शहराच्या पाच-सहा पट. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत भिंतींना ओल, गाद्यांना कुबट वास, चामड्याच्या चपलांवर हिरवी बुरशी आणि मिठाच्या बरणीत पाणी. त्याच खोलीत, बहुतेक वेळा खिडकीखालच्याच टेबलावर, संगणक असतो. त्याने मात्र बटण दाबताच मुकाट सुरू व्हावं, अशी आपली अपेक्षा.

या पावसाचं विजेशी नातं जुनं आहे. वलवण आणि लोणावळा तलावांत साठलेलं पाणी घाट उतरून खोपोलीच्या वीजघरात जातं आणि १९१५पासून त्यावर मुंबईला वीज मिळते आहे. एवढी वीज आपल्या पावसातून निघते, आणि झडीच्या दिवसांत तारेवर फांदी पडली की आपण मेणबत्ती शोधतो! गेलेली वीज परत येते तेव्हा ती नेहमी सरळ येत नाही. आधी मिचमिचते, जाते, मग एकदम जोरात येते. घरातला दिवा हे सोसतो. संगणकाचा पॉवर सप्लाय दर वेळी सोसेलच असं नाही.

म्हणून ही पुस्तिका तुंगार्लीच्या हवेपासून सुरू होते आणि व्हायरसपर्यंत नंतर पोचते. मे महिन्याच्या शेवटी आपण कौलं चाळतो, पश्चिमेच्या भिंतीला ताडपत्री बांधतो, गटार मोकळं करतो, कांदे-बटाटे, मसाले भरून ठेवतो. या आगोटीच्या यादीत संगणकाचं नाव घालावं, एवढंच माझं मागणं आहे. ते घातलं की चोरांपासूनच्या संरक्षणाचं निम्मं काम आपोआप होतं. हे विधान विचित्र वाटेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तुंगार्लीत दोन प्रकारची घरं आहेत. एक, जिथे माणसं बारा महिने राहतात. दुसरी, मुंबई-पुण्याच्या मालकांचे बंगले, जे शनिवार-रविवारी उघडतात किंवा पावसाळाभर बंदच राहतात. या दुसऱ्या घरांतला संगणक बहुधा शहरातल्या घरातून निवृत्त होऊन आलेला असतो. ‘तिकडे राहू दे, कधी लागला तर’ म्हणून आणलेला. मेनस्विच बंद करून मालक निघून जातात आणि तीन-चार महिन्यांनी येऊन बटण दाबतात. दिवाळीच्या सुटीत असा एखादा सीपीयू उघडून पाहावा. पंख्याच्या पात्यांवर धूळ आणि ओल मिळून नमद्यासारखा थर बसलेला. पट्टीच्या केबलवर पांढरी भुरी. मागच्या जाळीतून शिरलेल्या पालीने कोपऱ्यात घातलेली दोन गोल अंडी. कधी मुंग्यांची रांग, कधी उंदराने कुरतडलेली वायर. आणि मदरबोर्डवर, रुपयाच्या नाण्याएवढी, चकचकीत, तीन व्होल्टची एक बॅटरी, जिच्याकडे कोणी पाहत नाही.

गोष्ट या बॅटरीची आहे. संगणक बंद असताना त्यातलं घड्याळ हिच्यावर चालतं. संगणकाला वीज जोडलेली असेल तर हिच्यावर भार जवळजवळ पडत नाही. मेनस्विचच बंद असेल तर सगळा भार तिच्यावर येतो. दोन-तीन पावसाळे असे काढले की ती संपते. मग संगणक सुरू होतो, पण त्याची तारीख दहा-बारा वर्षं मागे गेलेली असते. पडद्याच्या कोपऱ्यातल्या त्या बारीक आकड्यांकडे लक्ष जात नाही. आपण बँकेची साइट उघडतो आणि ब्राउझर लाल इशारा देतो की ही जोडणी सुरक्षित नाही. कारण साधं असतं. प्रत्येक सुरक्षित साइटला अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत चालणारं एक डिजिटल प्रमाणपत्र असतं. आपल्या संगणकाच्या मते आज २०१५ साल असेल, तर त्या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नसते. ब्राउझरचं काहीच चुकलेलं नाही. पण घरातला कोणीतरी हुशार सांगतो, ‘ते लाल काय येतं ना, ते “तरीही पुढे जा” कर.’ एकदा केलं, दहादा केलं, आणि त्या घरात लाल इशाऱ्याची भीती कायमची गेली. पुढे खरीच बनावट साइट समोर आली, तरी तिथेही बोट ‘पुढे जा’वरच जाणार. शंभर रुपयांच्या आत मिळणारी एक बॅटरी वेळेवर बदलली नाही, आणि चोराला दार सापडलं.

निगा आणि सुरक्षा ही दोन वेगळी खाती नाहीत, असं मी म्हणतो ते यामुळे. बाजारात मात्र ती वेगळी विकली जातात. निगा म्हणजे दुरुस्तीवाला, सुरक्षा म्हणजे अँटिव्हायरसचं खोकं. खोकं आणून बसवलं की आपण निर्धास्त.

आता ओलीबद्दल थोडं. संगणक रोज तासभर चालू ठेवणं हा पावसाळ्यातला सर्वांत स्वस्त उपाय. त्याची स्वतःची उष्णता आतली ओल हटवते. बंद राहणाराच असेल तर तो भिंतीपासून हातभर दूर, जमिनीपासून वर, आणि झाकायचा असेल तर सुती कापडाने झाकावा. प्लॅस्टिकचं कव्हर आत ओल कोंडून ठेवतं. एसी गाडीतून आणलेला लॅपटॉप इथल्या दमट खोलीत लगेच सुरू करू नये. थंड धातूवर दव धरतं, तसं ते आतही धरतं. तास-दोन तास पिशवीतच राहू द्यावा. सुरू करताना नुसत्या बीप-बीप येत असतील आणि पडदा काळा असेल, तर बहुतेक वेळा रॅमचे पितळी दिसणारे संपर्क ओलीने मंद झालेले असतात. आपल्याकडचा दुरुस्तीवाला रॅमची पट्टी काढून साध्या खोडरबराने ते घासतो, ब्रशने कण झाडतो आणि पट्टी परत टक् आवाज येईपर्यंत दाबतो. उपाय खरा आहे आणि घरीही करता येतो. प्लग काढून, एकदा पॉवरचं बटण दाबून उरलेला प्रवाह जाऊ देऊन, कॅबिनेटच्या धातूला हात लावून. मात्र त्या संपर्कांवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो. दर महिन्याला घासाल तर तो निघून जाईल.

अर्थिंगकडे तर आपण पाहतच नाही. मावळात दोन फूट खणलं की काळा कातळ लागतो, आणि कातळात अर्थिंग नीट मिळत नाही. मीठ-कोळशाचा खड्डा पावसाळ्यात चांगलं काम करतो, पण एप्रिल-मेमध्ये कोरडा ठणठणीत होतो, आणि वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच कडाडतात. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतणं, हे कुठल्याही सॉफ्टवेअरइतकंच महत्त्वाचं काम आहे. तीन पिनांच्या प्लगची तिसरी पिन मोडून दोन भोकांच्या सॉकेटात खुपसणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांच्याशी वीजच वाद घालते. गडगडाट सुरू झाला की प्लग काढावा हे सगळ्यांना ठाऊक असतं. इंटरनेटची तांब्याची केबलही काढायची असते, हे विसरलं जातं, आणि मग राउटर व मदरबोर्ड एकाच रात्री जातात. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षं चालते, पण रिकामी होऊन चार महिने तशीच पडली तर एका पावसाळ्यात बाद होते.

इथून पुढे चोरांचा विषय. ‘आमच्या संगणकात काय आहे चोरायला?’ हा प्रश्न मला फार वेळा ऐकू येतो, आणि विचारणारे बहुधा ज्येष्ठ, सरळ मनाचे लोक असतात. त्यांच्या डोळ्यांसमोर ठरावीक घर हेरणारा चोर असतो. इंटरनेटवर असं होत नाही. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा प्रोग्रॅम जगभर पसरला आणि संगणकांतल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागू लागला. त्याने कोणालाही हेरलं नव्हतं. विंडोजमधल्या ज्या भगदाडातून तो शिरत होता, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी दिलेलं होतं. ते ज्यांनी घेतलं नव्हतं, त्यांच्याकडे तो शिरला. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या आला. मूळ रोख युक्रेनवर होता, पण त्याने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा झोपवली, आणि तिच्या समूहाकडून चालवलं जाणारं न्हावाशेवा बंदरातलं टर्मिनल ठप्प झालं. युक्रेनमधली आग घाट उतरून तास-दीड तासावर असलेल्या बंदराला लागली. आपल्या एक्स्प्रेसवेवरून जाणारे कंटेनर ज्या बंदराकडे जातात, त्याची ही गोष्ट.

आता बंद बंगल्यातला संगणक आठवा. चार महिन्यांची अपडेट त्याला एकाच दिवशी घ्यायची असतात. शनिवारी दुपारी मालक पोचतात, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संगणक जोडतात, अपडेट सुरू होतं, डेटा संपत येतो, पाहुणे वाट पाहत असतात, आणि ‘नंतर करू’ हे बटण दाबलं जातं. रविवारी संध्याकाळी मेनस्विच बंद. असा संगणक वर्षानुवर्षं वापरात असतो आणि वर्षानुवर्षं उघडाही असतो. माझा आग्रह आहे की आल्यावर पहिला अर्धा दिवस संगणकाला द्यावा. तारीख तपासावी, अपडेट पूर्ण होऊ द्यावं, यंत्र दोनदा बंद-चालू करावं, आणि मगच बँक किंवा ईमेल उघडावं.

अँटिव्हायरसविषयी माझं मत काहींना आवडणार नाही, पण त्याआधी पुण्याला त्याचं श्रेय देऊ. पर्सनल संगणकाचा पहिला व्हायरस मानला जाणारा ‘ब्रेन’ १९८६मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद अल्वी या दोन भावांनी लिहिला. त्यात त्यांनी दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही घातला होता. आणि फ्लॉपीवरून पसरणाऱ्या अशा व्हायरसांवर पुण्यात औषध काढलं तेही दोन भावांनीच. सातारा जिल्ह्यातून आलेले, कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय. १९९५च्या सुमारास त्यांनी डॉससाठी क्विक हील बाजारात आणलं, आणि २०१६मध्ये ती कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. कौतुक वाटावं अशीच ही हकिकत आहे. आज मात्र विंडोजमध्ये डिफेंडर आधीपासून असतं आणि साध्या घरगुती वापराला ते पुरतं. विकत घेतलेलं अँटिव्हायरस मुदत संपल्यावरही तसंच पडून असेल, किंवा दोन-दोन अँटिव्हायरस एकमेकांशी भांडत असतील, तर नसलेलं बरं. त्या पैशांत एक बाह्य हार्डडिस्क घ्या.

खरा धोका घरात आपण स्वतः बोलावून आणतो. संगणक मंद झाला की कोणीतरी येतो, ‘फॉरमॅट मारतो’, आणि विंडोजची फुकट प्रत टाकून देतो. ती चालू करायला एक ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ लागतो आणि तो चालवताना आधी संरक्षण बंद करावं लागतं. ज्या क्षणी अनोळखी प्रोग्रॅमला पूर्ण अधिकार मिळतात, नेमका त्याच क्षणी पहारा उठवलेला असतो! यावर नुसता उपदेश करण्यात अर्थ नाही, कारण अस्सल विंडोजची किंमत अनेकांना जड जाते. लिनक्स मिंट फुकट आहे, जुन्या यंत्रावर हलकं चालतं, आणि त्यात मराठी टंकलेखन नीट होतं. आपल्या सी-डॅकनेही बॉस लिनक्स तयार केलं आहे. ईमेल, बँक, सातबारा पाहणं, पत्र टाइप करणं यापलीकडे काम नसलेल्या घरात विंडोज हवंच, हा हट्ट का?

हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप व बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. शहरातून निवृत्त होऊन तुंगार्लीला आलेल्या बहुतेक यंत्रांत हे नसतं.

मराठी घरांची आणखी एक खास अडचण आहे. श्रीलिपी, आकृती अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर. शिक्षकांचं आत्मचरित्र, देवस्थानचा वृत्तांत, सोसायटीची इतिवृत्तं. फॉन्ट नसेल तर त्या फायली म्हणजे निव्वळ खुणांची गर्दी. म्हणून त्या फॉन्टासाठी विंडोज एक्सपी किंवा ७चं यंत्र जपलेलं असतं, मागे प्रोग्रॅमचं लॉक खुपसलेलं. एक्सपीचा आधार २०१४मध्ये संपला, ७चा जानेवारी २०२०मध्ये. ते यंत्र जरूर जपा, पण त्याचं इंटरनेट कायमचं तोडा, आणि यंत्र जिवंत आहे तोवर सगळा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. या पुस्तिकेतलं त्याबद्दलचं प्रकरण सर्वांत लांब झालं आहे. ते मी मुद्दाम छाटलं नाही.

बंगलेवाल्यांसाठी एक स्वतंत्र इशारा. फाटकावरचा कॅमेरा आणि त्याची नोंद ठेवणारा डीव्हीआर हेही संगणकच आहेत. २१ ऑक्टोबर २०१६ला अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या मोठ्या साइट काही तास अडखळल्या, त्या हल्ल्यामागे मिराई या प्रोग्रॅमने कब्जा केलेले असे असंख्य घरगुती कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर होते. त्यांचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच ठेवलेला होता, एवढंच मिराईला पुरलं. तुंगार्लीतल्या किती डीव्हीआरचा पासवर्ड अजून ‘अ‍ॅडमिन’ असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. शिवाय बंगला शनिवार-रविवार भाड्याने जातो, येणारा प्रत्येक गट पोचताच वायफायचा पासवर्ड मागतो, आणि केअरटेकर तो देतो. तोच पासवर्ड, त्याच जाळ्यावर, जिथे मालकाचा संगणकही आहे. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं जाळं करायची सोय असते. ती दहा मिनिटांत सुरू होते.

राहता राहिला फोन. ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, मी मदतकेंद्रातून बोलतोय, एनीडेस्क टाका, म्हणजे इथूनच तुमचा संगणक दुरुस्त करतो.’ आपल्यासारख्याच घाटमाथ्यावरच्या इगतपुरीत, एका रिसॉर्टमध्ये भाड्याच्या जागेत चाललेलं बनावट कॉल सेंटर ऑगस्ट २०२५मध्ये सीबीआयने उघडकीला आणलं. अ‍ॅमेझॉनच्या मदतकेंद्राचं नाव सांगून अमेरिका-कॅनडातल्या लोकांना लुबाडलं जात होतं, असं तपासात पुढे आलं. हे लोक दूर कुठेतरी बसलेले असतात हा समज सोडून द्यावा. कोणतीही बँक किंवा कंपनी आपणहून फोन करून तुमचा संगणक दुरुस्त करत नाही. यात अपवाद नाही.

‘बँकाच लुटल्या जातात, तिथे आपलं काय!’ असं म्हणणारेही भेटतात. ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली, हे खरं. पण बँकेकडे वकील, विमा आणि हिशेबाच्या अनेक प्रती असतात. तुमच्या नातवंडांच्या फोटोंची प्रत बँकेकडे नाही.

म्हणून सगळ्यांत महत्त्वाचं प्रकरण प्रतींचं. जाणकारांचा नियम असा की, महत्त्वाच्या गोष्टींच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या ठिकाणी. हे ऐकून शहरातला माणूस ‘दुसरं ठिकाण कुठून आणू’ म्हणतो. दोन घरं असलेल्यांना ते आयतं मिळालेलं आहे. तुंगार्लीतली प्रत ठाण्यात, ठाण्यातली तुंगार्लीत. इथे राहणाऱ्यांनी वरच्या आळीतल्या भावाकडे किंवा पुण्यातल्या लेकीकडे एक डिस्क ठेवावी. प्रत घेऊन झाली की डिस्क काढून ठेवायची, कारण जोडलेली राहिली तर खंडणीखोर प्रोग्रॅम तिलाही कुलूप लावतो. सीडी-डीव्हीडीवर इथे बुरशी धरते. बंद घरात वर्षानुवर्षं पडलेल्या पेनड्राइव्हवरही एकमेव प्रत ठेवू नये. डिस्क हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि सहा महिन्यांतून एकदा जोडून, त्यातला एखादा फोटो खरोखर उघडून पाहावा. न तपासलेली प्रत मी प्रतींत धरत नाही.

पासवर्ड, रोजच्या कामासाठी मर्यादित अधिकारांचं वेगळं खातं, मुलांचे खेळ, जुना संगणक विकताना काय पुसायचं, हे विषय पुढे क्रमाने आहेत. पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवण्याला माझा विरोध नाही. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्याला आहे. मेनूंची नावं आवृत्तीगणिक बदलतात, तेव्हा चित्रांपेक्षा स्पष्टीकरणावर भर दिला आहे.

दोन गोष्टी पुस्तिका वाचण्याआधीच करून टाका. एक, फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत आज घ्या. दुसरी, १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा राष्ट्रीय क्रमांक संगणकाच्या पडद्याशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा. पैसे गेल्याचं लक्षात आल्यावर पहिल्या तासाभरात फोन झाला, तर रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.